शालन, अभिनंदन आधी म्हणायचं नव्हतं

शालन, काल मी तुझा फोटो फाडला. भर चौकात, लोकांदेखत, ड्रेसिंगच्या कात्रीनं. पानवाल्याचं स्टूल ओढून घेतलं, त्यावर चढले आणि टराटरा फाडला. पानवाला खालून ओरडत होता, "ओ सिस्टर, येडं लागलंय का? देवाघरी गेलेल्या बाईचा फोटो हाय त्यो." मी त्याला वरूनच सांगितलं की देवाघरी गेली नाही, तुझ्या टपरीसमोर गेली, आणि तेव्हा तू फळी ओढून आत बसला होतास. त्यानं फळी परत ओढून घेतली.

तुला सगळं सांगते, कारण तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग मला रागावली असतीस. जर्मनच्या क्लासवाल्यांनी तुझ्यासाठी लावलेला फ्लेक्स आठवतो ना? मागं सगळं लाल, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात जर्मनीचा झेंडा, मध्ये पांढऱ्या कोटात तू आणि तुझ्या कानात माझी कर्णफुलं. "जर्मनीत नर्स म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." त्याच जागी त्याच मापाचा दुसरा लागला. फोटो तोच, लाल तेच, झेंडासुद्धा काढायची कुणाला गरज वाटली नाही. वर "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि खाली जिथं "शुभेच्छुक" होतं तिथं "शोकाकुल". नावं तीच, त्याच क्रमानं. अगं, शुभेच्छुक आणि शोकाकुल व्हायला ह्या लोकांना एक शब्द बदलावा लागला, बाकी काही हलवावं लागलं नाही. खालची नावं मी आधी फाडली. कात्री तुझ्या कपाळावरूनही गेली, त्याला माझा इलाज नव्हता.

त्या नावांतला एक जण तरी तुझ्या मदतीला आला असता तर मी कात्री काढली नसती.

तुझ्या नवऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. कागदोपत्री ते फार झालंय. तू आमच्या दवाखान्यात कंत्राटी नर्स म्हणून आलीस तेव्हा तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटपट्टीनं बांधलेली होती. मी विचारलं तर म्हणालीस, "दारात घावली." हाडाच्या वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईला तू दाराची गोष्ट सांगत होतीस! दारात सापडलेलं बोट चेपतं, असं उलटं मोडत नाही.  संध्याकाळी तुला भवानी पेठेत आमच्या घरी घेऊन गेले. खाली माग खडखडत होते, वर अम्मा भात वाढत होती. तू जेवताना म्हणालीस, "अक्का, तुमच्या हितं बरं हाय. ह्या आवाजात कुनी रडलं तरी भाईर कळायचं न्हाय." त्या दिवशी मला तुझं सगळं कळलं. आठवड्याच्या आत तू आमच्या माळ्यावरच्या खोलीत राहायला आलीस.

तू रडली नाहीसच कधी, तो भाग वेगळा. तू गोष्टी सांगायचीस आणि त्या गोष्टींत कायम काहीतरी मरत असायचं. सांगोल्याकडच्या माळावर तुझे आबा मेंढरं राखायचे. लांडगा कसा आला, कोकराच्या मानेला कसा लागला, तू धोंड्यानं त्याचा जबडा कसा फोडलास, हे तू अम्माला भात कालवता कालवता सांगितलंस. अम्माचा घास हातातच राहिला. आणि कानाची गोष्ट. मेंढरं एकमेकांत मिसळतात म्हणून प्रत्येक घर आपापल्या मेंढराचा कान कापून खूण करतं. कुणाची चीर, कुणाचं टोक, कुणाचा काप मागून. आबा कापायचे आणि तू कोकरू मांडीत दाबून धरायचीस. "रगात लई येत न्हाय, पन वरडतंय लई," तू म्हणालीस. "एकदा खून केली की मग जनावर कुटंबी जाऊ दे, इकू दे, चोरू दे. कान बघितला की कळतंय कुनाचं ते." मी म्हणाले, शी, काय हा क्रूरपणा. तू म्हणालीस, "क्रूर कशाचा? हरवल्यावर काय रडत बसायचं व्हय?"

जर्मनचा क्लास मी शोधला होता. तिकडं नर्सा हव्यात म्हणून सगळं सोलापूर जर्मन शिकायला लागलं होतं, आपण दोघीही लागलो. टॉवेलच्या कारखान्यावरची ती खोली, पंख्याखाली बसायला भांडणं, आणि पुण्याहून आलेल्या आपल्या मॅडम. त्यांना सोलापूरचं ऊन आणि सोलापूरची माणसं, दोन्ही झेपत नव्हती. वाढदिवसाचा धडा आठवतो? मॅडमनी प्रत्येकाला जर्मनमध्ये विचारलं, तुझा वाढदिवस कधी? पहिला म्हणाला, एक जूनला. दुसरी म्हणाली, एक जूनला. तिसरा, चौथी, तू, सगळे एक जून. मॅडमना वाटलं आपण त्यांची चेष्टा करतोय. त्यांनी पुस्तक आपटलं. मग तू उभी राहून समजावलंस, "मॅडम, रागावू नका. गुर्जींनी शाळंत घालताना समद्यांचा एकच लिवला. खरा आईला बी ठावं न्हाय. एवढंच ठावं हाय की लई पाऊस झाला त्या साली." मॅडम खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग त्यांनी अभिनंदन कसं करायचं ते शिकवलं. "हेर्त्सलिशेन ग्ल्युकवुन्श." तुझी जीभ त्या शब्दावर अशी काही अडखळायची की पाठीमागची पोरं बाकं वाजवायची. मॅडम म्हणाल्या, नुसतं तोंडानं म्हणायचं नाही. उजवा हात पुढं करायचा, घट्ट धरायचा, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. खाली बघितलं तर ते लोक म्हणतात ह्याच्या मनात खोट आहे. आपल्या वर्गात निम्म्या बायकांना डोळ्यांत बघणं जमेना. तू पहिल्या फटक्यात केलंस, माझा हात असा दाबलास की अंगठी रुतली. मॅडमनी परीक्षेचं, लग्नाचं, बाळंतपणाचं, घर बांधल्याचं, सगळ्याचं अभिनंदन शिकवलं. तू हात वर करून विचारलंस, "आन नवरा सोडल्याचं?" वर्ग हसत सुटला. मॅडम हळूच म्हणाल्या, तेही करता येतं, मागं फक्त कारण जोडायचं.

आणि त्यांनी तो नियम सांगितला. जर्मन माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका. अपशकुन मानतात. दिवस उजाडला, माणूस जिवंत आहे, मग म्हणा. तू घरी येईपर्यंत तेच घोकत होतीस. "हे लई बरं हाय, अक्का. आपल्यात बघा, मुंडावळ्या बांदल्या की लगेच अष्टपुत्रा म्हनून मोकळं. पुढं तिचं काय व्हतंय त्ये बगायला कुनी येत न्हाय."

त्या सगळ्या दिवसांत तुझा नवरा येत होताच. दवाखान्याच्या गेटवर त्यानं तुला केसांना धरून ओढलं तेव्हा मी आतून ऑक्सिजनच्या सिलिंडरचा लोखंडी पाना घेऊन आले आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाडाचा आवाज मला ओळखता येतो. फार बरं वाटलं, शालन. अजूनही त्या आवाजाची आठवण झाली की बरं वाटतं. पण तू माझ्यावरच उखडलीस. "तुमी कशाला मारलं? तुमी मारल्यालं त्यो माज्यावर काढतोय." चौकीत गेलो तर त्यांनी अदखलपात्र लिहून घेतलं आणि घरगुती बाब म्हणून चहा पाजला. तू तो चहा प्यायलीस. मी नाही प्यायले. वाटेत आपण भांडलो. तू म्हणालीस मला रागानं काही करायचं नाही, मला लांब जायचंय. मी म्हणाले रागाशिवाय लांब जाता येत नाही. ते भांडण तसंच राहिलं.

तू परीक्षा पास झालीस, मी नापास झाले. तुझं कंत्राट आलं. क्लासवाल्यांचा रिवाज होता, जाणाऱ्या प्रत्येकाचा फ्लेक्स चौकात लावायचा. मी म्हणाले, नको. विमानात बसेपर्यंत कुणाला कळता कामा नये. अगं तूच म्हणतेस ना, आधी म्हणायचं नाही? तू माळ्यावर कपडे वाळत घालत होतीस. हातातला पिळा तसाच धरून माझ्याकडं वळलीस.

"अक्का, ह्या चौकात कुनाकुनाचा लागलाय त्यो तुमी बगताय की. वाळूवाल्याचा लागला. जामिनावर सुटल्याला आला तवा त्याचा लागला, वर वाघाचं चित्र. एकाच्या तर कुत्र्याचा वाडदिवस व्हता. माजाच लागला तर कुनाचं काय जळतंय?"

"तो बघेल, शालन."

"बगू दे. मी काय चोरी केली? जलमात मला कुनी बरं केलंस असं म्हनलं न्हाय. बारावी झाली तवा म्हनले, आता लगीन करा. नर्स झाली तवा म्हनले, पगार कुनाच्या हातात देनार? आता कुनी म्हनतंय तर म्हनू द्या की."

मी रागानं म्हणाले, मग माझ्या शुभेच्छा धरू नकोस, मी आत्ता म्हणणार नाही. तू एकदम हसलीस. पिळा टाकून जवळ आलीस. "तेच म्हनत हुते. बाकीच्यांनी म्हनू द्या, त्यांचं लागत न्हाय. तुमचं लागंल. मी तितं पोचल्यावर तुमी म्हना, फोनवर, जर्मनमदी. त्याच्या आदी तोंडातनं काडू नका." आणि लगेच चेष्टेनं उजवा हात पुढं केलास. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. तू किती हसलीस त्या दिवशी.

फ्लेक्स लागला. सगळ्या वॉर्डानं तुला पेढे भरवले, हात मिळवले. मी एकटी खिशात हात घालून उभी होते आणि लोकांना वाटलं, नापास झाली म्हणून जळते. तुला त्याचीही मजा वाटत होती. रोज ड्यूटी संपली की वाट वाकडी करून तू चौकात जायचीस आणि स्वतःकडे बघत उभी राहायचीस. घरी येऊन सांगायचीस, "आज कुनीतरी माज्या फोटोला पानाची पिचकारी मारली हुती, मी फुसली."

तिथंच त्यानं तुला गाठलं. सकाळच्या उजेडात, माणसं कामाला निघालेली असताना. कडबा तोडायचा कोयता होता. मी तेव्हा कॅज्युअल्टीत होते. रिक्षावाल्यानं तुला आणलं, बिचाऱ्याची मागची सीट भिजून गेली होती. खांद्यापासून मानेपर्यंत एक, पोटात एक, आणि दोन्ही हातांवर लहान लहान कितीतरी, म्हणजे तू कोयता हातांनी धरला होतास. मी दोन्ही तळवे तुझ्या मानेवर दाबून धरले. आमच्या कामात दाब सोडायचा नसतो, काही झालं तरी. रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं. डॉक्टर ओरडत होते, कोणी रक्ताची पिशवी आणायला पळालं होतं. मी विचारलं, "शालन, त्यानंच ना?" तू बोलली नाहीस. दात असे घट्ट मिटले होतेस की गालाची हाडं वर आली होती. मी म्हणाले, तोंड उघड, श्वास घे. उघडलं नाहीस. नुसती माझ्या डोळ्यांत बघत राहिलीस आणि उजवा हात माझ्याकडं पुढं केलास.

मला तो धरता आला नाही. माझे दोन्ही हात तुझ्या मानेवर होते.

तुझे डोळे थिजले तेव्हा जबडा सैल झाला. तोंडात रक्त साचलं असेल म्हणून मी सक्शनची नळी घातली तर काहीतरी अडकलं. चिमट्यानं बाहेर काढलं. कान होता. अख्खा नाही, वरचा अर्धा, दातांनी तोडलेला. डॉक्टर मागं सरकले. मी सरकले नाही. मी तो सलाइननं धुतला नाही, पुसला नाही, आहे तसा बाटलीत ठेवला, वर तुझं नाव घातलं आणि हवालदाराच्या हातात दिला. त्याला आधी उलटी झाली, मग त्यानं सही केली.

चौकातल्या कुणीच काही पाहिलं नव्हतं, हे तुला सांगायला हवं. पानवाला खाली वाकून काथा घोटत होता. झेरॉक्सवाल्याची पाठ होती. कॅमेरा बंद होता, तो तर कायमच बंद असतो. सगळ्यांनी शटर ओढली आणि शटर वर केली तेव्हा त्यांना फक्त रस्त्यावरचं रक्त दिसलं. तो टेंभुर्णीला सापडला, डोक्याला रुमाल गुंडाळून पुण्याच्या गाडीची वाट बघत. पोलिसांना म्हणाला, मी सोलापुरात आलोच नाही, मोटारसायकलवरून पडलो. रुमाल सोडायला लावला. खाली कान अर्धाच होता.

मेडिकलसाठी त्याला आमच्याच दवाखान्यात आणलं. ड्रेसिंगचा ट्रे माझ्यासमोर होता, दुसरं कुणी मोकळं नव्हतं. तो स्टुलावर बसून म्हणाला, "सिस्टर, जरा पानी द्या की." तोंडावरच्या मास्कमुळं त्यानं मला ओळखलं नव्हतं. त्याची मान माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती आणि ट्रेमध्ये ब्लेड होतं. शालन, मी ब्लेडकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग उघड्या जखमेवर स्पिरिट ओतलं. ते नियमात बसत नाही. तो गुरासारखा ओरडला, दोन पोलिसांनी त्याला दाबून धरलं, आणि मी सावकाश, नीट, पट्टी बांधली. तो जगला पाहिजे. कोर्टात उभा राहिला पाहिजे, आणि त्याच्या डोक्याच्या एका बाजूला अर्धाच कान दिसला पाहिजे.

आता लोक मला येऊन सांगतात, फ्लेक्सनं घात केला. कशाला एवढा गाजावाजा करायचा, बाईनं गुपचूप जायचं. जे मी तुला माळ्यावर सांगत होते तेच, शब्दाला शब्द. आपल्या भांडणात मीच बरोबर निघाले म्हणे. मला नाही बरोबर निघायचं. फ्लेक्सनं कुणी मरत नाही. वाळूवाला मेला नाही, जामिनावरचा मेला नाही, कुत्रासुद्धा मजेत आहे. तुला एका माणसानं कोयत्यानं मारलं. तुझी चूक काढायला आलेल्या शेजारच्या मावशींना मी परवा जिन्यावरूनच परत पाठवलं. अम्मा म्हणाली, अगं, चहा तरी. मी म्हणाले, चहा चौकीत मिळतो.

तुझे आबा आले होते. शवागाराबाहेर फरशीवर उकिडवे बसले होते, काठी आडवी ठेवून.  मी शेजारी बसले. त्यांना काय सांगावं कळेना, म्हणून जे मला ठाऊक होतं ते सांगितलं. तुझ्या तोंडात काय होतं ते.  मग त्यांनी विचारलं, "कंचा कान, बाई?"

"डावा."

"वरचं टोक?"

"व्हय, आबा. वरचं."

त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "आमची खून तीच हाय," ते म्हणाले. "डावा कान, वरचं टोक. ल्हानपनी कोकरू मांडीत धरून तीच बसायची की." आणि मग तो म्हातारा जो काही ओरडला, शालन, तो आवाज आमच्या मागांच्या खडखडाटातही मला रोज ऐकू येतो.

तेव्हापासून मी तुझ्या त्या हाताचा विचार करते आहे. आधी वाटायचं, तू मदत मागत होतीस आणि मी धरला नाही. ह्या विचारानं मला जेवण गेलं नाही. पण तू कधी कुणापुढं मदतीसाठी हात केला नाहीस, तेव्हाही केला नसणार. उजवा हात, सरळ पुढं. नजर माझ्या डोळ्यांत, खाली नाही. मॅडमनी शिकवलं होतं अगदी तसं. तू मागत होतीस ते माझ्याकडं बाकी राहिलेलं अभिनंदन होतं, आणि पोचल्यावरच मिळेल असं तूच ठरवलेलं होतं.

उद्यापासून मी परत क्लासला जाणार आहे. मॅडमनी तुझ्या बाकावर कुणाला बसवलेलं नाही. साक्षीची तारीख आली की त्या दिवशी दांडी मारेन. त्यानं कुठंही जावं, कितीही मोठा वकील द्यावा, ज्यानं कान बघितला त्याला कळेल तो कुणाच्या हातचा आहे.

तर आता म्हणते. आता आधी राहिलेलं नाही, आता काही लागणार नाही. हात पुढं केलाय, डोळे तुझ्या डोळ्यांत आहेत, कारणही मागं जोडते.

हेर्त्सलिशेन ग्ल्युकवुन्श, शालन. कानाबद्दल.